नियम बदलला खरा, पण तुमच्या निविदेत उतरला का? गोव्यातल्या सरकारी कंत्राटदारासाठी पात्रता, कागदपत्रं आणि बदलांचा माग

"केंद्राने सिक्युरिटी कमी केली म्हणतात, मग इथे अजून पाच टक्के कसे मागतात?" सत्तरीतले, डिचोलीतले छोटे कंत्राटदार हा प्रश्न हमखास विचारतात. सिक्युरिटी म्हणजे काम नीट पुरं होईल याची हमी म्हणून ठेवायची रक्कम. हातात मोबाईल असतो आणि मोबाईलवर कुणीतरी पाठवलेलं परिपत्रक. परिपत्रक बहुतेक वेळा खरंच असतं. ते कोणाला लागू आहे, एवढंच कुणी वाचलेलं नसतं.

सरकारी कामाचे नियम दोन वाटांनी बदलतात, आणि त्या दोन्हींत गल्लत झाली की पैसे जातात. पहिली वाट कायद्याची. जीएसटी, उद्गम कर (टीडीएस), कामगार कायदे यांत बदल झाला की तो ठरलेल्या तारखेला आपोआप लागू होतो, निविदेत लिहिलेला असो वा नसो. दुसरी वाट खरेदीच्या नियमांची. बयाणा (निविदेसोबत भरायची अनामत, ईएमडी) किती, सिक्युरिटी किती, अनुभव किती, सवलत कोणाला, यातला बदल दिल्लीत झाला म्हणून साबांखाच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) निविदेत त्याच दिवशी येत नाही. खात्याने तो स्वीकारायला हवा आणि तुमच्या निविदेच्या कागदात छापून यायला हवा. तोवर तो तुमच्यासाठी बातमी आहे.

सिक्युरिटीचंच घ्या. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत ती ५ ते १० टक्के होती. नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडमुळे ३ टक्क्यांवर आणली आणि पुढे नियमातच ३ ते ५ टक्के केली. ३० मे १९८७ रोजी घटक राज्य होईपर्यंत गोवा केंद्रशासित होता, त्यामुळे इथल्या कामकाजावर केंद्राचे वित्तीय नियम आणि सीपीडब्ल्यूडीचे (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे) नमुने यांची छाप आजही दिसते. छाप असली तरी निविदेत पाच टक्के लिहिले असतील तर पाचच भरायचे. हरकत असेल तर ती निविदापूर्व बैठकीत लेखी मांडायची. काम मिळाल्यावर मांडलेल्या हरकतीला काही अर्थ राहत नाही.

मात्र मुरगाव बंदर किंवा गोवा शिपयार्डचं काम घ्यायचं असेल तर हिशेब वेगळा. ही केंद्राची आस्थापनं, तिथे केंद्राचे आदेश थेट पोचतात. काम वास्कोत आहे की वाळपईत यापेक्षा काम देणारं खातं कोणाचं आहे, ते आधी पाहा.

पात्रता: टक्क्यांचं गणित

साबांखा, जलस्रोत खातं, पालिका आपापल्या निविदेत नोंदणीचा वर्ग सांगतात. तुमच्या वर्गाची मर्यादा आणि नोंदणीची मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा, कारण नूतनीकरण राहिलं म्हणून थेट बाद झालेले लोक मी पाहिलेत. मोठ्या कामांना याशिवाय अनुभवाची अट असते, आणि घोळ होतो तो इथेच.

केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या सूचनेनुसार गेल्या सात वर्षांतली तशीच तीन कामं प्रत्येकी अंदाजित रकमेच्या ४० टक्के, किंवा दोन कामं ५० टक्के, किंवा एक काम ८० टक्के. वार्षिक उलाढाल तीन वर्षांच्या सरासरीने ३० टक्के. सीपीडब्ल्यूडीच्या चालीत दोन कामांची अट ६० टक्के आहे. म्हणजे ८० लाखांच्या कामाला दोन कामं ४० लाखांची चालतील की ४८ लाखांची लागतील, हे त्या निविदेवर अवलंबून. मागच्या वेळी चाललं म्हणून या वेळी चालेल असं धरू नका.

सीपीडब्ल्यूडीच्या पद्धतीत आणखी एक सोय आहे, ती बरेच जण विसरतात. जुन्या कामाची किंमत दर वर्षी सरळ ७ टक्क्यांनी वाढवून धरता येते. चार वर्षांपूर्वी पुरं केलेलं २८ लाखांचं काम आज ३५ लाख ८४ हजारांचं ठरतं. ८० लाखांच्या निविदेला ४० टक्के म्हणजे ३२ लाख लागतात, आणि तुम्ही आत. निविदेत हे कलम असेल तर हिशेबाचा कागद स्वतः करून जोडा. तो दुसऱ्या कुणी करून देईल, अशी अपेक्षा ठेवू नका.

उद्यम नोंदणीचा फसवा आधार

उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची केंद्राकडची नोंदणी) असलं की बयाणा रक्कम माफ, हा समज फार पक्का बसलाय. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सवलत आहे ती वस्तू आणि सेवांच्या खरेदीला. बांधकामाचं कंत्राट त्यात बसत नाही. शिवाय ते धोरण केंद्रीय मंत्रालयं आणि उपक्रमांना बांधील आहे. पंचायतीच्या गटाराच्या कामाला बयाणा न भरता उद्यमचा कागद जोडला तर पहिलं, म्हणजे कागदपत्रांचं पाकीट उघडतानाच तुम्ही बाहेर. निविदेत स्पष्ट सूट लिहिली असेल तरच घ्या. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी अशी वाढली आहे. त्यामुळे वर्ग बदलला असेल तर प्रमाणपत्र नवं काढून ठेवा.

कागदपत्रं

पॅन, जीएसटी नोंदणी, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयचे क्रमांक, खात्याचं नोंदणीपत्र, बँकेचा सॉल्व्हन्सी (आर्थिक कुवतीचा) दाखला हे सगळ्यांना ठाऊक असतं. फसतात ते पुढच्यांत. काम पूर्णत्वाचा दाखला कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा लागतो, आणि त्यात कामाची रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख हवी. "काम समाधानकारक" एवढ्या एका ओळीचा दाखला काही उपयोगाचा नाही. खासगी बिल्डरकडे केलेलं काम दाखवायचं असेल तर उद्गम कराचं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं, म्हणजे रोखीने केलेलं काम अनुभवात धरलं जात नाही. सनदी लेखापालाच्या उलाढालीच्या दाखल्यावर यूडीआयएन (दाखला खरा आहे हे तपासता येणारा) क्रमांक असायलाच हवा. डिजिटल सही क्लास ३ चीच, कारण क्लास २ देणं १ जानेवारी २०२१ पासून बंद झालं. सहीची मुदत कधी संपते ते टोकनला कागद चिकटवून त्यावर लिहा. दुकानातून नवीन सही मिळायला लागणारे दोन दिवस नेमके शेवटच्या दोन दिवसांतच येतात.

कर बदलला तर ३० दिवस

यावर थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे खरा पैसा गुंतलेला असतो. सरकारी बांधकामावरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. मुख्यतः मातीकामाचं जे काम, त्याचा दर त्याच दिवशी ५ वरून १२ झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १८. २२ सप्टेंबरलाच सिमेंट मात्र २८ वरून १८ वर आलं.

सीपीडब्ल्यूडीच्या करारातलं ३८ वं कलम सांगतं की निविदा भरायच्या शेवटच्या तारखेला जे कर लागू होते ते दरात धरलेले आहेत. त्यानंतर कर वाढला तर फरक मिळतो, कमी झाला तर कापला जातो. आणि वाढीची लेखी सूचना अभियंत्याला ३० दिवसांत द्यायची. माझ्या ओळखीच्या एकाचं जुलै २०२२ मध्ये ४० लाखांचं काम शिल्लक होतं. सहा टक्के म्हणजे २ लाख ४० हजार. त्याने मार्चमध्ये बिलासोबत मागणी केली. "सूचना कधी दिलीत?" एवढाच प्रश्न आला, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. साधं पत्र, आवक शिक्का मारलेली प्रत, बस. तुमच्या करारात हे कलम आहे का, ते आजच उघडून पाहा, कारण पालिकांच्या आणि पंचायतींच्या छोट्या करारांत ते नेहमी असतंच असं नाही. नसेल तर दर भरतानाच कराची जोखीम धरा.

कापल्या जाणाऱ्या रकमा तर ठरलेल्याच. अडीच लाखांवरच्या करारावर २ टक्के जीएसटी उद्गम कर, एकट्या मालकाला १ आणि भागीदारीला किंवा कंपनीला २ टक्के प्राप्तिकर, शिवाय बांधकाम कामगारांसाठीचा १ टक्का उपकर. यांची प्रमाणपत्रं मागून घ्या. पुढच्या निविदेला अनुभवाच्या दाखल्यासोबत तीही जोडता येतात.

कामगारांच्या बाजूला मोठी उलथापालथ २१ नोव्हेंबर २०२५ ला झाली, चार श्रमसंहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांच्या परवान्याचा उंबरठा जुन्या केंद्रीय कायद्यात २० कामगारांचा होता, नव्या संहितेत ५० चा आहे. परवाना नूतनीकरणाला जाण्याआधी कामगार आयुक्तालयात राज्याच्या नियमांची स्थिती विचारून घ्या.

बदल कुठे सापडतात

गोवा सरकारचं राजपत्र गुरुवारी निघतं. कायदे आणि नियम पहिल्या मालिकेत येतात, आणि ते मुद्रण व लेखनसामग्री खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. गुरुवारी संध्याकाळी दहा मिनिटं त्याला दिली तर वर्षभरात फारसं काही हुकत नाही. दुसरी जागा म्हणजे निविदेचं शुद्धिपत्रक. निविदा डाउनलोड केल्यावर कित्येक जण पुन्हा पोर्टल उघडतच नाहीत, आणि शुद्धिपत्रकात दरपत्रक बदललेलं असतं. भरण्याच्या आदल्या दिवशी आणि भरण्याआधी तासभर, असं दोनदा पाहा. निविदेचे कागद बहुतेक इंग्रजीत असतात. पुतण्याला वाचायला बसवा, पण शेजारी स्वतःही बसा. टक्के आणि तारखा तुम्हालाच कळतात.

ऑनलाइन भरताना दरपत्रकाच्या फाइलचं नाव बदलू नका, ती नाकारली जाते. सगळं चढवल्यावर बोली "फ्रीझ" केली नाही तर ती भरली असं धरत नाहीत. मुदत संपेपर्यंत बोली सुधारता येते, पण एकदा मागे घेतली की त्या निविदेत पुन्हा येता येत नाही. वेळ सर्व्हरची चालते, तुमच्या घड्याळाची नाही.

काम दुसऱ्याला गेलं तर बयाणा परत यायला हवा. केंद्राच्या वित्तीय नियमांत त्याला कंत्राट दिल्यापासून ३० दिवसांची शेवटची मर्यादा आहे, आणि दोन पाकिटांच्या निविदेत पहिल्याच पाकिटात बाद झालेल्याला तो निकाल लागल्यापासून ३० दिवसांत. महिना उलटला तर निविदा क्रमांक, भरल्याची पावती आणि बँक खात्याचा तपशील घालून विभागीय कार्यालयात पत्र द्या. पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात, म्हणून मधल्या काळात ते खातं बंद करू नका.