कॅनडात आश्रयाचा दावा नाकारला: अपील कुठे करायचं, मुदत किती आणि बडोद्यातून कोणते कागद पाठवायचे

परवा दांडिया बाजारातले एक काका मोबाईल पुढे करून म्हणाले, "ताई, भाच्याचं कॅनडात काय झालं तेवढं वाचून सांगा." स्क्रीनवर निकालाच्या पहिल्या पानाचा फोटो होता. दावा नाकारला, एवढंच त्यावरून कळत होतं. का नाकारला ते पुढच्या पानांवर, आणि ती पानं भाच्याकडे. मी काकांना आधी एकच विचारलं: लेखी कारणं त्याच्या हाती कोणत्या तारखेला पडली? त्या तारखेवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मी वकील नाही. गुजराती आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करते, आणि गेली काही वर्षं असे कागद घेऊन येणारी घरं वाढली आहेत. म्हणून ही माहिती इथल्या नातेवाइकांसाठी लिहिते आहे. पुरावा बहुतेक वेळा त्यांच्याच कपाटात असतो.

कॅनडात आश्रयाचा दावा आधी इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाच्या रेफ्युजी प्रोटेक्शन डिव्हिजनपुढे चालतो. तिथं नकार मिळाला की त्याच बोर्डाच्या रेफ्युजी अपील डिव्हिजनकडे जाता येतं. हा विभाग डिसेंबर २०१२ पासून काम करतो. लेखी कारणं मिळाल्यापासून १५ दिवसांत अपिलाची नोटीस द्यायची आणि त्याच तारखेपासून ४५ दिवसांत पूर्ण फाईल. पंधरा संपल्यावर पंचेचाळीस सुरू होतात असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. शेवटच्या दिवशी नोटीस दिली तर फाईलसाठी तीसच दिवस उरतात. शनिवार-रविवारही मोजले जातात. मुदतवाढ मागता येते, पण उशीर का झाला ते पटवून द्यावं लागतं, आणि त्या भरवशावर राहू नये. अपिलाला फी नाही.

हे अपील सगळ्यांना खुलं नसतं. दाव्याला विश्वासार्ह आधारच नाही किंवा दावा उघडच निराधार आहे, असा शेरा निकालात असेल तर हा दरवाजा बंद. अमेरिकेच्या सीमेवरून सेफ थर्ड कंट्री कराराच्या (कॅनडा आणि अमेरिका यांपैकी ज्या देशात आधी पोचलात तिथंच आश्रय मागायचा, असा त्या दोघांमधला करार) अपवादाखाली आलेल्यांनाही तो बंदच असतो. अशांना थेट फेडरल कोर्टात जावं लागतं. म्हणून निकाल पूर्ण वाचा, पहिलं पान पाहून ठरवू नका.

फाईलमध्ये निकाल आणि त्याची कारणं, आधी न स्वीकारलेले कागद, सुनावणीच्या ध्वनिमुद्रणावर भिस्त असेल तर तेवढ्या भागाचा उतारा आणि वकिलाचं मुद्देसूद निवेदन असतं. एकाच बाजूला टाईप केलं तर निवेदन ३० पानांच्या आत हवं. निर्णय सहसा कागदांवरूनच होतो, सुनावणी क्वचित मिळते. आणि नवा पुरावा मन मानेल तसा जोडता येत नाही. तो नकारानंतर घडलेला असावा, किंवा आधी मिळणं शक्यच नव्हतं हे दाखवता यावं. "आईकडे होता, पण मागायचं सुचलं नाही" हे कारण फारसं टिकत नाही.

भारतीयांच्या दाव्यांत एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो: तुम्हाला धोका असेल, पण भारतातल्याच दुसऱ्या मोठ्या शहरात तुम्ही सुरक्षित राहू शकता. याचे दोन भाग असतात. तिथं खरोखर धोका नाही का, आणि त्या माणसाने तिथं जाऊन राहावं अशी अपेक्षा रास्त आहे का. अपिलात दोन्हींना उत्तर हवं. मुंबईच्या आतेभावाच्या दारात कुणी चौकशीला आलं असेल तर आतेभावाने स्वतःच्या नावाने, तारीख-वेळ घालून प्रतिज्ञापत्र करावं. आलं नसेल तर तसं लिहू नका. एक खोटा कागद बाकीच्या दहा खऱ्या कागदांवरचा विश्वास घालवतो.

आता भाषांतर. बोर्डाला इंग्रजी किंवा फ्रेंचच चालतं. मूळ कागदाची प्रत, तिचं भाषांतर आणि सोबत भाषांतरकाराचं सही केलेलं निवेदन लागतं: स्वतःचं नाव, मूळ भाषा आणि भाषांतर अचूक असल्याची ग्वाही. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाबाहेर नोटरीचा शिक्का सहज मिळतो, पण त्या शिक्क्याने हे निवेदन भरून निघत नाही. गेल्या वर्षी एक एफआयआर माझ्याकडे दुसऱ्यांदा भाषांतराला आली. हाताने लिहिलेल्या गुजराती तारखेत ११ होतं. आधीच्या भाषांतरात ते १९ झालं होतं, कारण आपला एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. मुलाने सुनावणीत ११ तारीख सांगितली, कागद १९ म्हणत होता, आणि निकालात त्याच्या सांगण्यावर शंका घेण्याचं ते एक कारण ठरलं. म्हणून आकडे दोघांनी मोठ्याने वाचून ताडून पाहा, गावांची नावंही.

एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, हा त्याचा हक्क आहे. दवाखान्याचे कागद, धमकीचे मेसेज फोनसकट जपून ठेवा. फोन विकू नका.

अपीलही फेटाळलं तर फेडरल कोर्ट. तिथंही मुदत १५ दिवसांची, फी ५० डॉलर. आधी परवानगी मागायची असते. ती नाकारली तर त्यावर अपील नाही. परवानगी मिळाल्यास ३० ते ९० दिवसांत सुनावणी होते. न्यायाधीश स्वतः आश्रय देत नाहीत. निर्णय वाजवी होता का, एवढंच पाहतात आणि चुकीचा वाटल्यास प्रकरण नव्याने ऐकायला परत पाठवतात. अपील डिव्हिजनच्या नकारावर वेळेत अर्ज केला तर हद्दपारी सहसा आपोआप थांबते. थेट कोर्टात गेलेल्यांना मात्र ही सोय नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हा फरक घरच्यांना कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बोर्डापुढे वकील किंवा त्यासाठीचा परवाना असलेला इमिग्रेशन कन्सल्टंट चालतो. फेडरल कोर्टात वकीलच, नाहीतर स्वतः. कन्सल्टंटचा परवाना त्यांच्या 'कॉलेज'च्या, म्हणजे परवाना देणाऱ्या संस्थेच्या, जाहीर यादीत तपासता येतो. व्हिसा काढून देणारा इथला एजंट यातलं काहीही करू शकत नाही, कितीही पैसे मागितले तरी. पैसे नसतील तर ओंटारिओसारख्या प्रांतात लीगल एड मिळू शकते. त्यासाठी मुलाने पहिल्याच आठवड्यात फोन करायला हवा.

सगळे मार्ग संपले आणि परतण्याचा हुकूम लागू झाला, तर ३० दिवसांत निघावं आणि विमानतळावर प्रस्थानाचा दाखला मागून घ्यावा. तो नसेल तर हुकूम हद्दपारीत बदलतो आणि पुन्हा कॅनडात जायला आधी खास परवानगी लागते. काकांच्या भाच्याची लेखी कारणं हाती आल्याला आज नववा दिवस आहे. नोटीस काल गेली.