‘मान्यतेस्तव सविनय सादर’

विद्यापीठातील एखादी नस्ती, म्हणजे फाईल, उघडली, तर टिपणीच्या शेवटी बहुधा हेच शब्द आढळतात : ‘मान्यतेस्तव सविनय सादर.’ कक्ष अधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव अशा पायऱ्या चढत ती कुलगुरूंच्या टेबलावर पोहोचते. प्रत्येक किरकोळ बाब तिथवर गेलीच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. ती सवय आहे, आणि अशा सवयींनाच संघटनाशास्त्र संस्थेची संस्कृती म्हणते. एडगर शाइन या अभ्यासकाने तिचे तीन थर मांडले : डोळ्यांना दिसणाऱ्या इमारती व रीतिरिवाज, जाहीरपणे सांगितली जाणारी मूल्ये आणि सर्वांत खाली कुणीही न उच्चारलेली गृहीतके. ‘उद्या वरून विचारणा झाली तर?’ हे आपल्याकडचे बहुधा सर्वांत बळकट गृहीतक असावे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कुलगुरूंना दुबळे ठेवत नाही. शोध समितीने सुचविलेल्या नावांतून कुलपती, म्हणजे राज्यपाल, त्यांची पाच वर्षांसाठी नेमणूक करतात. तातडीच्या प्रसंगी संबंधित प्राधिकरणाची, म्हणजे निर्णय घेणाऱ्या मंडळाची, बैठक होण्यापूर्वीच कार्यवाही करून तिचा अहवाल नंतर देण्याची मुभाही त्यांना आहे. १९९४ च्या कायद्यात विद्याशाखेचे सदस्य अधिष्ठात्याला, म्हणजे विद्याशाखेच्या प्रमुखाला (डीन), निवडून देत. नव्या कायद्याने ते पद पूर्णवेळ केले आणि निवड समितीमार्फत भरायचे ठरविले. त्यामुळे मतांची बेरीज करणारा अधिष्ठाता गेला. त्याच्या जागी स्वतंत्र बुद्धीचा आला की आज्ञाधारक, हे त्या त्या विद्यापीठाच्या वळणावर ठरते.

सोलापूरचे उदाहरण बोलके आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे येथे पदव्युत्तर केंद्र होते. १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ सोलापूर जिल्ह्यासाठी वेगळे विद्यापीठ झाले, ज्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. कायद्याने नवी संस्था एका दिवसात जन्मते, पण महाविद्यालये आणि त्यांच्या कामाच्या पद्धती जुन्याच घरून येतात. शिवाय जिल्हा एकच असल्यामुळे अधिसभेत (सिनेटमध्ये) सकाळी कडाडून भांडलेली माणसे संध्याकाळी एकाच लग्नाच्या पंगतीत भेटतात. त्याने कटुता कमी होते, हे खरे. कठोर निर्णयही त्यामुळेच लांबतात, असे मला वाटते.

त्यातच अक्कलकोट किंवा सांगोल्याच्या संलग्न महाविद्यालयाचा प्राचार्य विद्यापीठाचे परिपत्रकही पाळतो आणि संस्थाचालकांचा शब्दही. कार्ल वाइक यांनी १९७६ मध्ये शिक्षणसंस्थांना ‘सैल जोडणीच्या’ व्यवस्था म्हटले, ते याच अर्थाने : एका टोकाला दिलेला झटका दुसऱ्या टोकापर्यंत क्वचितच तसाच पोहोचतो. या सैलपणाचा फायदाही आहे, कारण वरची एखादी चुकीची आज्ञा वर्गापर्यंत येता येता बोथट होते.

हा सारा खेळ सर्वांत स्पष्ट दिसतो तो पद रिकामे पडल्यावर. ‘प्रभारी’ अधिकाऱ्याच्या हाती दैनंदिन कामापुरते अधिकार असतातच. तरीही नस्तीवर शेरा पडतो, ‘नियमित अधिकारी रुजू झाल्यावर सादर करावे’, आणि ती पुन्हा खालच्या कपाटात जाते.