वंशावळीतल्या रिकाम्या जागा

नाशिकच्या रामकुंडावर तीर्थोपाध्याय आधी दोनच गोष्टी विचारतात : आडनाव काय आणि मूळ गाव कोणतं? मग नामावळीची चोपडी निघते आणि खापरपणजोबांच्या हातच्या मोडी ओळी समोर येतात. अंगावर काटा येतो, खरंच. त्या नोंदींवरून मी आठ पिढ्यांची वंशावळ मांडली. सगळे पुरुष, एकाखाली एक.

नंतर हिशेब केला. आईवडील २, आजी-आजोबा ४, त्यांचे आईवडील ८. असं आठ पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या २५६ जागा होतात. त्या पिढीतला माझ्या कागदावर एकच गृहस्थ होता.

हे दुपटीचं गणित पुढे मात्र अंगाशी येतं. पिढी २५ वर्षांची धरली तर तिसावी पिढी साडेसातशे वर्षांपूर्वीची, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या काळातली. तिथे जागा होतात १०७ कोटींच्या वर. तेव्हा अख्ख्या जगात ५० कोटी माणसंही नव्हती! अर्थ सरळ आहे, एकच माणूस अनेक जागांवर बसलेला असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लागतंच. त्या जोडप्याच्या मुलांना पणजी-पणजोबा आठ नव्हे, सहाच. वर्षानुवर्षं सोयरीक जातीत आणि पंचक्रोशीतच होत राहिली, तर फांद्या एकमेकींत किती गुंतत असतील!

रक्ताचा हिशेब आणखी वेगळा. आईवडिलांकडून निम्मा-निम्मा डीएनए येतो, पण आजोबांकडून बरोबर पाव येईलच असं नाही. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या आपसांत तुकडे बदलतात आणि पुढे जातात ते हे मोठेमोठे तुकडे. दर पिढीला तुकड्यांची संख्या थोडीच वाढते, पूर्वज मात्र दुप्पट होतात. त्यामुळे दहाव्या पिढीतल्या १०२४ जणांपैकी साधारण निम्म्यांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. ‘अमुक सरदाराचं रक्त आमच्या अंगात आहे’ म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं.

दोन धागे तेवढे सरळ उतरतात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, जवळजवळ आडनावासारखंच. दुसरा धागा मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक घटकांतल्या डीएनएचा, सुमारे १६,५६९ अक्षरांचा. तो आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे नेतात फक्त मुली. आणि नेमक्या त्याच वाटेवर कागद साथ सोडतो. लग्नात आडनाव तर बदलायचंच, पण ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की पाळण्यातलं नावही गेलं. घराण्याच्या नामावळीत सून असते ती सासरच्या नावाने.

माझ्या पेशींतली ती १६,५६९ अक्षरं आईच्या आजीकडून, म्हणजे तिच्या आईच्या आईकडून आली आहेत. तिचं माहेरचं नाव काय होतं, असं आईला विचारलं. ती बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, “अरे, तिला सगळे काकूच म्हणायचे.”