घरात बनलेलं गाणं आणि दुसऱ्याचा कान

लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर या शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, एका खोलीत अख्खं गाणं तयार होतं. लॅपटॉप, कंडेन्सर माइक, छोटा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), हेडफोन एवढंच सामान. भिंतीला गोधड्या टांगायच्या, पंखा बंद करायचा, वर पत्रा असेल तर पाऊस थांबायची वाट पाहायची. शब्द, चाल, बीट, गायन, मिक्सिंग (सगळे आवाज एकमेकांत बसवणं), मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात) सगळं एकाच्याच हातचं, फार तर दोघांच्या. गाणं लोकांपुढे ठेवण्याआधी ते चार-पाच जणांच्या फोनवर जातं आणि सोबत एवढाच निरोप असतो, "ऐकून सांग." उत्तरं येतात: "व्होकल दबलाय." "बेस लई घुमायलाय." "दुसऱ्या कडव्यात लय पळतेय." "हलगी फाटतेय." सांगणारे संगीतशिक्षक नसतात. तेही असेच घरी गाणी करणारे.

ही देवाणघेवाण इंटरनेटनं आणली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. एकमेकांचं गाणं ऐकून त्यातलं उणं तोंडावर सांगायची रीत या भागात फार जुनी आहे. मधल्या काळात ती तुटली. रेकॉर्डिंग आलं तेव्हा गाणारा आणि ऐकणारा एकमेकांपासून दूर गेले, आणि आजची पोरं फोनवरून जे करतात ते हे अंतर मिटवण्यासाठी.

मुळापासून पाहू. नामदेवांची नरसी, जनाबाईंचं गंगाखेड, एकनाथांचं पैठण, गोरोबाकाकांचं तेर ही सगळी गावं मराठवाड्यातली. भजन-कीर्तन इथं गावागावात पोहोचलं ते मंडळाच्या रूपानं. मंडळात नवख्याला आधी टाळ मिळतो, चाल नंतर. टाळ मागेपुढे झाला तर शेजारचा नजरेनं सांगतो. अभंगाची पट्टी चढी लागली तर पेटीवाला तिथंच स्वर उतरवून घेतो. सप्ताहात रात्रीचं कीर्तन उरकल्यावर गावातली जाणती माणसं पारावर बसतात, आणि कुणाची चाल कुठं सुटली, पखवाज कुठं आडवा गेला, याची बोलणी चालतात. यातला कुणी व्यावसायिक नसतो. शेती करणारे, दुकान चालवणारे, शाळेत शिकवणारे हे लोक. तरी कान तयार, कारण तो रोज वापरात. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाजवादक म्हणून देशभर गेले, पद्मश्री झाले. त्यांच्या घराण्याची मुळंही वारकरी भजन-कीर्तनातच आहेत.

तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे, पण या विषयात ती वेगळीच लागू पडते. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईंनी विचारलं, यातलं कच्चं मडकं कोणतं? गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव रागावले, आणि गोरोबांनी सांगून टाकलं की हे कच्चं. कथा इथं संपत नाही. नामदेव पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जातात आणि तिथं त्यांना गुरू भेटतो. मला हा दुसरा भाग मोलाचा वाटतो. 'कच्चं आहे' एवढं कुणीही म्हणेल. पक्कं व्हायला कुठं जायचं, हेही कळलं तरच ऐकणाऱ्याचा उपयोग.

दुसरी परंपरा अधिक तिखट. कलगी-तुऱ्याच्या फडात एका बाजूनं शिवाचा, दुसऱ्या बाजूनं शक्तीचा पक्ष घ्यायचा आणि गाण्यातूनच सवाल-जवाब करायचे. समोरच्याच्या रचनेत जे ढिलं असेल त्यावरच पुढचा सवाल बेतलेला. म्हणजे टीका गाण्यातच आणि उत्तरही गाण्यातच. आंबेडकरी जलशांनी आणि नंतरच्या भीमगीतांच्या मुकाबल्यांनी हा बाज वेगळ्या ध्येयासाठी वापरला. वामनदादा कर्डक गावोगाव हिंडले, त्यांची गाणी लोकांनी वह्यांत उतरवून घेतली आणि आपापल्या गळ्यावर बसवली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या 1978 च्या विधिमंडळ ठरावापासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंतच्या वर्षांत मराठवाड्यात या गाण्यांना जी धार होती, ती सभेत आणि वस्तीत समोरासमोर तपासली गेलेली होती. शब्द लोकांना लागला नाही की पुढच्या मुक्कामी तो बदललेला असायचा. मतं मागवायची गरजच नव्हती, कारण ती देणारे पुढ्यात बसलेले होते.

मग आकाशवाणी. परभणीचं केंद्र 1968 पासूनचं. पुढे इतर जिल्ह्यांतही केंद्रं आली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत ध्वनिचाचणीची पद्धत देशभर बसली. गायकाचं नाव समितीला कळू न देता आवाज ऐकायचा आणि बी, बी हाय, ए, टॉप अशी श्रेणी द्यायची. गावातला गायक पहिल्यांदाच अशा कानांपुढे उभा राहिला, जे त्याचं घराणं, जात, गाव काहीच पाहत नव्हते. हा मोठा न्याय होता. उणीव एवढीच की हाती श्रेणी यायची, कारण नाही. नापास झालेल्यानं नेमकं काय सुधारायचं, हे त्याचं त्यानं ओळखायचं.

याच आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं चालली. पेटीचे स्वर ठोकून बसवलेले, त्यांत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुतीचे बारकावे हरवतात, असा आक्षेप होता. प्रत्येक भजनी मंडळात पेटी असताना रेडिओवर ती नाही, अशी विचित्र स्थिती तेव्हा होती. हा वाद लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येतो.

तुटणं सुरू झालं कॅसेटनं. फिलिप्स कंपनीनं कॉम्पॅक्ट कॅसेट 1963 मध्ये आणली. भारतात तिचा खरा पूर आला तो ऐंशीच्या दशकात. भीमगीतं, देवीची आराधी गाणी, भारुडं, कीर्तनं सगळं टेपवर आलं, घराघरात पोहोचलं, आणि ज्यांना कधी व्यासपीठ मिळालं नव्हतं त्यांचा आवाज बाजारात आला. मी या काळाला वाईट म्हणणार नाही. पण रेकॉर्डिंग पुण्या-मुंबईकडे, तासांच्या भाड्यावर. गायक जायचा, गायचा, परत यायचा. मिक्सिंगच्या वेळी तो नसायचाच. कॅसेट हाती आली की त्यात बदल शक्य नव्हता. गावकऱ्यांनी "संबळ ऐकूच येईना" म्हटलं तरी आता काय करणार? ऐकणाऱ्याचं मत पहिल्यांदाच निरुपयोगी ठरलं. पारावरची ती चर्चा कॅसेटच्या बाबतीत विकत घेणं किंवा न घेणं, एवढ्यावर येऊन थांबली.

घरी रेकॉर्डिंगची वाट तिकडे दूर उघडत होती. 1979 मध्ये टॅस्कॅमनं पोर्टास्टुडिओ काढला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार आवाज वेगवेगळे. 1983 मध्ये मिडी ही वाद्यं जोडायची सामाईक पद्धत आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. यातलं फारसं काही आपल्या भागापर्यंत पोहोचलं नाही. पोहोचला तो संगणक. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीनं 1997 च्या शेवटी फ्रूटीलूप्स हे सॉफ्टवेअर आणलं. सुरुवातीला ते चार खणांचं साधं ड्रम मशीन होतं. 2003 मध्ये त्याचं नाव एफएल स्टुडिओ झालं. संगणकाच्या दुकानात, पायरेटेड सीडीवरून ते अनेकांच्या हाती लागलं. आज घरी गाणी करणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांची बोटं त्यावरच वळलेली आहेत. ऑडॅसिटी 2000 पासून मोफत होतं, पुढे फोनवर चालणारं बँडलॅबही मोफतच आलं. पैशाचा अडसर बऱ्यापैकी हटला.

पहिल्या फळीत कोण होते? माझ्या पाहण्यात दोन प्रकारचे लोक. जयंती, गणपती, लग्नाच्या वरातीसाठी रिमिक्स करणारे डीजे, आणि मांडवाचा साउंड चालवणाऱ्यांच्या घरातली पोरं. दोघांचे कान गर्दीनं घडवलेले. कर्ण्यातून आवाज शेवटच्या माणसापर्यंत न्यायचा तर मधल्या पट्टीतला आवाज पुढे हवा. कीर्तनाला इको हवाच. इको नसेल तर बुवांनाच कोरडं वाटतं. ही आवड तशीच्या तशी घरगुती ट्रॅकमध्ये उतरली. म्हणून मराठवाड्यातल्या नव्या गायकाच्या पहिल्या मिक्समध्ये रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) भरमसाठ असतो आणि शहरातला कुणी तो ऐकून "आवाज धुवून निघालाय" म्हणतो. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. उघड्या मैदानात इको चालतो, कारण मैदान स्वतः काही परत पाठवत नाही. कानात खुपसलेल्या इअरफोनवर तोच इको शब्द खाऊन टाकतो. ट्रॅक कुठं ऐकला जाणार हे विचारल्याशिवाय दिलेलं मत अर्धवट असतं. हे आपल्याकडच्या साउंडवाल्यांना पुस्तकाशिवाय कळलेलं होतं.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं, तो दिवस या इतिहासात ठळक लिहायला हवा. 24 बिट, 48 किलोहर्ट्झची स्टीरिओ वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे 17 एमबी जागा घेते, म्हणजे चार मिनिटांचं गाणं 70 एमबीच्या आसपास. पंधरा ट्रॅक सुटे पाठवायचे तर आकडा एक जीबीवर जातो. आधीच्या काळात एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास लागायचे. तेव्हा गाणं पेन ड्राइव्हवरून आणि एसटीनंच फिरायचं. जिओनंतर हिंगोलीतला मुलगा रात्री अकराला गाणं पाठवू लागला आणि बीडमधला साडेअकराला सांगू लागला की कोरस आल्यावर किक (ड्रमचा खर्जातला ठोका) गायब होतोय. तुटलेली ती पारावरची बैठक अशी परत जुळली. आणि यावेळी सुधारणा शक्य होती, कारण प्रोजेक्ट फाइल (सगळे आवाज सुटे असलेली मूळ फाइल) अजून उघडी होती.

अडचणी नव्या होत्या. पहिली म्हणजे गाणं व्हॉइस नोट म्हणून पाठवणं. ती सोय बोलण्यासाठी आहे. ती आवाज चेपते, स्टीरिओ उरत नाही. मग समोरचा म्हणतो की झांज चिरकी वाटते, आणि बनवणारा नसलेला दोष शोधत बसतो. दुसरी, फोनचा स्पीकर. साधारण 300 हर्ट्झच्या खाली त्यातून फारसं काही येत नाही, त्यामुळे पखवाजाचा धुम किंवा ढोलाचा गाभा त्यावर ऐकूच येत नाही. "बेस कमी आहे" असं सांगणाऱ्यानं कशावर ऐकलं, हे आधी विचारावं. तिसरी सगळ्यांत फसवी. 1933 मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो, मोठा केला की वाढलेला वाटतो. म्हणून दोन मिक्स पुढे ठेवले तर मोठ्या आवाजाचा बहुतेकदा 'भारी' ठरतो. दोन्हींची पातळी सारखी करून मगच तुलना करावी. बरं, डीजेसाठी गाणं ठासून मोठं केलं तरी यूट्यूब आणि स्पॉटिफाय ते उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) आसपास खाली आणतात. चेपलेपण तेवढं मागे राहतं.

आणि पेटीचा वाद परत आला, ऑटोट्यूनच्या, म्हणजे चुकलेला सूर आपोआप जागेवर आणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रूपानं. तेल शोधण्यासाठी भूगर्भातल्या लहरींचं विश्लेषण करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यांनी 1997 मध्ये तो बाजारात आणला. तो जलद लावला की मींडेच्या पायऱ्या होतात आणि आंदोलन (सुराचं झुलणं) सपाट होतं. 1940 मध्ये पेटीवर घेतलेला आक्षेप शब्दही न बदलता इथं लागतो. पूर्वी "सूर लागत नाही" म्हटलं की माणूस तानपुऱ्याकडे जायचा, आता ऑटोट्यूनचा स्पीड वाढवतो. अभंगाच्या चालीवर रॅप करणाऱ्यांना हे प्रत्येकानं सांगायला हवं. ऑटोट्यून वापरू नका, असं माझं म्हणणं नाही. तो हळू लावा, किंवा मींड असलेली ओळ त्यातून वगळा. बीटवर 'स्केल काळी दोन' लिहून पाठवलं तर गाणाऱ्याला गळा आधीच तयार ठेवता येतो, आणि दुरुस्तीची गरज निम्मी होते.

"एक नंबर भावा" हे मत नव्हे. प्रेम आहे, ते हवंही, पण त्यानं मिक्स सुधारत नाही. चांगलं मत मिनिट-सेकंद सांगतं: 1:12 ला 'विठ्ठला'तला 'ठ्ठ' फुटतोय, माइकपासून वीतभर मागे सरक आणि तेवढी ओळ पुन्हा गा. यात दोष आहे, जागा आहे आणि उपायही आहे. नव्या मुलांच्या गटात हे हळूहळू रुजतंय, आणि जिथं रुजलंय तिथं तिसऱ्या-चौथ्या गाण्यात फरक कानाला कळतो.

एक कान मात्र या वर्तुळाबाहेरच राहिला आहे. हलगी आणि संबळाचे लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) आज अर्ध्याअधिक ट्रॅकमध्ये असतात, पण ते ट्रॅक मत घ्यायला हलगीवाल्याकडे किंवा गोंधळ्याकडे क्वचितच जातात. हलगी तापवून कडक केल्यावर वाजते ती वेगळी आणि थंड वाजते ती वेगळी. लूप कापताना वजनाचा आघात समेवरून सरकला तर मिक्सिंग करणाऱ्याला कदाचित उमजणार नाही, वाजवणाऱ्याला पहिल्या आवर्तनात उमजेल. त्यातल्या अनेकांचा मुलगा किंवा नातू स्मार्टफोन वापरतो. "काका, एवढं ऐकून सांगा" म्हणायला तुळजापूर किंवा माहूरला यात्रेच्या दिवसांत गेलं तरी पुरे, कारण तिथं संबळ वाजवणारे भेटतातच. जाताना चांगला हेडफोन सोबत न्यावा.