अनियमित झोप आणि जैविक घड्याळ

झोपण्या-उठण्याच्या वेळा सतत दोन-तीन तास मागेपुढे होत राहिल्या की शरीराच्या जैविक घड्याळाचा बाहेरच्या दिवस-रात्रीशी मेळ राहत नाही. झोप एकूण आठ तास झाली तरी हा बिघाड होतो, आणि नेमकी हीच बाब सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते.

मुख्य घड्याळ मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात असते. सुमारे २०,००० चेतापेशींच्या या पुंजक्याचा स्वतःचा फेरा बहुतेकांत २४ तासांहून किंचित मोठा, सरासरी २४.२ तासांचा असतो. त्यामुळे ते रोज थोडे मागे पडते आणि सकाळचा उजेड त्याला पुन्हा जागेवर आणतो. हा उजेड टिपणाऱ्या दृष्टिपटलातील खास पेशी निळसर प्रकाशाला (सुमारे ४८० नॅनोमीटर) सर्वाधिक प्रतिसाद देतात.

उजेड केव्हा मिळतो यावर सगळे अवलंबून आहे. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचे तापमान नीचांकी असते. त्या नीचांकाआधीच्या काही तासांतला उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोप-जाग उशिरावर नेतो; नंतरचा उजेड ते पुढे आणतो, म्हणजे झोप-जाग लवकर होते. सुट्टीच्या आदल्या रात्री दोनपर्यंत दिव्याखाली जागून सकाळी दहाला उठले, तर घड्याळ मागे जाते आणि त्याला सावरणारा सकाळचा उजेडही हुकतो. मग कामाच्या दिवशी सहाचा गजर होतो तेव्हा रक्तातले मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचे कळवणारे संप्रेरक) पुरते उतरलेले नसते; डोके जड राहते, चुका होतात.

यकृत आणि स्वादुपिंडाची घड्याळे मुख्यतः जेवणाच्या वेळांवर चालतात. मेलाटोनिन चढलेले असताना जेवल्यास इन्सुलिन कमी स्रवते आणि रक्तातली साखर जास्त वेळ चढी राहते. दीर्घकाळ रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळते, त्यामागचे हे एक कारण.

दुरुस्तीची सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करावी. लवकर आडवे पडून उपयोग होत नाही, कारण नेहमीच्या झोपेआधीच्या दोन-तीन तासांत शरीर सर्वाधिक जागे असते. उठण्याची वेळ रोज अर्ध्या तासाने अलीकडे आणावी आणि उठताच अर्धा तास बाहेरच्या उजेडात राहावे. ढगाळ आकाशाखालीही हजारो लक्स प्रकाश मिळतो, घरात जेमतेम काहीशे. दहाला उठणाऱ्याने मात्र पहिल्याच दिवशी पाचला उजेडात जाऊ नये. तो उजेड तापमानाच्या नीचांकाआधी पडून घड्याळ आणखी मागे नेतो.

फिरत्या पाळ्यांत सकाळ, दुपार, रात्र हा क्रम उलट क्रमापेक्षा सोसवतो, कारण घड्याळ मागे सरकणे सोपे असते.