स्किझोफ्रेनियाचं नवं औषध, जे तसं जुनंच होतं

स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांची नावं किती बदलली, पिढ्या बदलल्या, पण आतलं काम मात्र १९५२ पासून तेच चालू होतं. त्या वर्षी पॅरिसच्या सेंट-ॲन हॉस्पिटलमध्ये ज्याँ डेले आणि पिएर डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना देऊन बघितलं (त्याआधी ते ऑपरेशनच्या पेशंटना शांत ठेवायला वापरत होते), आणि वर्षानुवर्षं वॉर्डात आरडाओरडा करणारी माणसं शांत होऊन बोलायला लागली. ते नेमकं कसं घडतं हे कळायला आणखी वीसेक वर्षं गेली. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन ज्या रिसेप्टरवर (म्हणजे पेशीवरच्या, निरोप घेणाऱ्या जागेवर) जाऊन बसतं त्यातला डी-२ नावाचा रिसेप्टर हे औषध अडवतं. मग त्यानंतर आलेलं जवळपास प्रत्येक औषध, हॅलोपेरिडॉल घ्या, रिस्पेरिडोन घ्या, ओलान्झापिन घ्या, कमीजास्त फरकाने डी-२ च्याच मागे.

यात वाईट काहीच नाही, लाखो लोकांचे भास आणि संशय याच गोळ्यांनी आटोक्यात आले. पण डोपामिन मेंदूत एकाच कामाला नसतं ना. हालचाल, उत्साह, एखादी गोष्ट करावीशी वाटणं, सगळीकडे त्याचा हात असतो, त्यामुळे डी-२ अडवणं म्हणजे एक नळ गळतोय म्हणून अख्ख्या बिल्डिंगचं पाणी बंद केल्यासारखं होतं. हात थरथरतात, अंग आखडतं, एका जागी बसवत नाही, नवीन पिढीच्या काही गोळ्यांनी भूक वाढून वजन आणि शुगर वाढते, झोप तर विचारूच नका. शिवाय माणूस गप्पगप्प होतो, आंघोळ करावीशी वाटत नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही ही जी या आजाराची दुसरी बाजू आहे तिच्यावर या गोळ्यांचा फार काही उपयोग होत नाही. घरच्यांना खरं तर भासांपेक्षा याचाच जास्त त्रास होतो असं मला वाटतं.

मग लोक गोळ्या सोडतात. २००५ साली अमेरिकेतल्या केटी नावाच्या मोठ्या ट्रायलचे निकाल आले, त्यात जवळपास १,५०० पेशंट होते आणि १८ महिन्यांच्या आत ७४ टक्के लोकांनी सुरुवातीला दिलेली गोळी या ना त्या कारणाने बंद केली होती. हा आकडा मला कुठल्याही ब्रेन स्कॅनपेक्षा जास्त बोलका वाटतो.

आता दुसरी गोष्ट, शीर्षकातल्या त्या ‘जुन्याच’ औषधाची. १९९० च्या दशकात इलाय लिली कंपनी झॅनोमेलिन नावाचं औषध अल्झायमरसाठी तपासत होती. ॲसिटिलकोलिन हे आठवणींशी संबंधित रसायन, अल्झायमरमध्ये ते कमी पडतं, आणि झॅनोमेलिन त्याची नक्कल करून मस्कारिनिक नावाच्या रिसेप्टरना जागं करतं, एवढा साधा हिशोब. १९९७ ला ३४३ पेशंटच्या ट्रायलचे निकाल छापून आले. स्मरणशक्तीत थोडाफार फरक दिसला, पण खरी गंमत वेगळीच होती: अल्झायमरच्या बऱ्याच पेशंटना जे भास होतात, कोणीतरी चोरी करतंय असा संशय येतो, चिडचिड होते, ते सगळं कमी झालं. आणि डोपामिनच्या रिसेप्टरला तर हे औषध थेट हातसुद्धा लावत नव्हतं!

पण पेशंट टिकेनात. मळमळ, उलट्या, घाम, पोट बिघडणं, हे इतकं की मोठ्या डोसवाल्या गटात निम्म्याहून जास्त लोक मधेच बाहेर पडले. कारण मस्कारिनिक रिसेप्टर पाच प्रकारचे, एम-१ ते एम-५, आणि ते मेंदूत असतात तसेच आतड्यात, लाळेच्या आणि घामाच्या ग्रंथींमध्ये, मूत्राशयातही असतात. झॅनोमेलिनचा ओढा मुख्यतः एम-१ आणि एम-४ कडे असला तरी बाकीच्यांनाही ते डिवचतंच. २००८ साली स्किझोफ्रेनियाच्या फक्त २० पेशंटवर एक छोटी ट्रायल झाली, निकाल चांगला आला, तरी पोटाचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहिला आणि औषध बासनात गेलं.

यावर पुढे करुना थेरप्युटिक्स या कंपनीने जे केलं ते इतकं सरळ आहे की आधी कोणाला कसं सुचलं नाही असं वाटतं. त्रास मानेच्या खाली होतोय आणि फायदा मानेच्या वर, तर मानेच्या खाली तेच रिसेप्टर बंद करणारं दुसरं औषध सोबत द्यायचं. मात्र ते मेंदूत अजिबात शिरता कामा नये, नाहीतर सगळं मुसळ केरात. सापडलं ते ट्रॉस्पियम, वारंवार लघवीला लागणाऱ्या लोकांना दिलं जाणारं जुनं औषध. त्याच्या रेणूवर कायमचा धन विद्युतभार असतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चरबीयुक्त अस्तर असे भारित रेणू सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही, त्यामुळे ते रक्तात फिरतं, आतड्यांना शांत ठेवतं आणि मेंदूच्या दाराशीच अडतं. निरोगी लोकांवर दोन्ही एकत्र देऊन बघितलं तेव्हा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला.

या जोड-औषधाच्या मोठ्या ट्रायलपैकी एकीचा निकाल २०२३ च्या शेवटी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. २५२ पेशंट, पाच आठवडे. लक्षणं मोजायची जी पट्टी असते (३० ते २१० गुणांची, जास्त म्हणजे वाईट) तिच्यावर औषध घेणाऱ्यांचे सरासरी २१.२ गुण उतरले आणि नुसती खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांचे ११.६. खोट्या कॅप्सूलनेही एवढे उतरतात याचं आश्चर्य वाटेल, पण हॉस्पिटलमध्ये भरती, नियमित झोप, रोज कोणीतरी विचारपूस करतंय, याचाही परिणाम असतोच की. मधला ९.६ चा फरक तो औषधाचा, आणि तो बऱ्यापैकी मोठा आहे. २६ सप्टेंबर २०२४ ला अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने कोबेन्फी या नावाने त्याला मंजुरी दिली.

काम कसं होतं तर एम-४ मुळे मेंदूच्या ठराविक भागातच डोपामिन सुटण्याचं प्रमाण कमी होतं, आणि एम-१ मुळे मेंदूच्या पुढच्या भागातली सर्किटं सावरतात असा अंदाज आहे. अंग थरथरणं, वजन वाढणं हे या ट्रायलमध्ये फारसं दिसलं नाही. इथे एक विरोधाभास सांगायलाच हवा, जुन्या गोळ्यांनी हात थरथरायला लागले की डॉक्टर बऱ्याचदा ट्रायहेक्सिफेनिडिल देतात आणि ती गोळी मेंदूतले हेच मस्कारिनिक रिसेप्टर बंद करते, म्हणजे एवढी वर्षं आपण नेमक्या उलट्या दिशेने ढकलत होतो.

लगेच हुरळून जायचं कारण नाही. मळमळ, अपचन, बद्धकोष्ठ, उलट्या हे अजूनही होतंच, लिव्हर आणि लघवी अडकण्यावर लक्ष ठेवावं लागतं. जुन्या गोळ्यांच्या जोडीला हे दिलं तर आणखी फायदा होतो का, हे बघणारी ट्रायल एप्रिल २०२५ मध्ये अपेक्षित निकाल देऊ शकली नाही. एमराक्लिडिन नावाचं, फक्त एम-४ वर काम करणारं दुसऱ्या कंपनीचं औषध तर नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही ट्रायलमध्ये आपटलं, तेव्हा एम-४ एकटा पुरेसा आहे की नाही हा वाद आता रंगलाय. आणि पाच आठवडे म्हणजे काय, हा आजार अनेकांना जन्मभर पुरतो. त्यामुळे बातमी वाचून चालू असलेली गोळी परस्पर बंद करू नका, हे आपलं कळकळीचं सांगणं.

मला स्वतःला सगळ्यात अवघड वाटतं ते कॅप्सूल घ्यायचं वेळापत्रक. दिवसातून दोनदा, उपाशीपोटी, जेवणाआधी किमान एक तास नाहीतर जेवणानंतर दोन तास. मला काही आजारच नाही असं ज्याला मनापासून वाटतंय (आणि असं वाटणं हे याच आजाराचं लक्षण आहे) त्याच्याकडून हे रोज कोण करून घेणार? जुन्या औषधांची महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं मिळतात, याचं तसं इंजेक्शन अजून बाजारात नाही.