देव मानतो म्हणजे क्रिएशनिस्ट नव्हे

उत्क्रांतीवर वाद रंगलेला असतो. मध्येच कुणीतरी बिचारा 'मी देव मानतो' एवढंच म्हणतो आणि समोरून फटकन येतं, "म्हणजे तू क्रिएशनिस्ट!" झालं, शिक्का बसला. गंमत म्हणजे शिक्का मारणाऱ्याला हा शब्द नुसता 'आस्तिक'चा भारदस्त अवतार वाटत असतो. तसं अजिबात नाही, आणि हे सांगून सांगून माझं तोंड दुखलंय.

आस्तिक कोण, हे वेगळं सांगायला नको. विश्वाच्या मुळाशी कुणीतरी आहे असं मानणारा तो आस्तिक.

क्रिएशनिस्टचा दावा त्याहून बराच पुढचा आहे. देव आहे आणि त्याने जग केलं, एवढ्यावर तो थांबत नाही. ते कसं केलं हेही तो ठामपणे सांगतो. निसर्गाच्या चालीने, पिढ्यानपिढ्यांच्या बदलातून आजचे जीव घडणं शक्यच नाही, ते थेट घडवावे लागले, असं त्याचं म्हणणं. म्हणजे 'कुणी केलं' या प्रश्नावर दोघांचं जमतं. खडाजंगी होते ती 'कसं झालं' यावर.

'पाऊस देवाने पाडला' असं म्हणणारा माणूस समुद्राची वाफ होते, वर जाऊन तिचे ढग बनतात, हे नाकारत नसतो. वाफ आणि ढग त्याच्या लेखी देवाचीच रीत. आता याच माणसाला डोळ्याबद्दल विचारा. तो म्हणेल, डोळा देवाने दिला. पण कसा? आधी उजेड-अंधार कळणारा पेशींचा साधा ठिपका, मग त्याचा खळगा, मग भिंग, आणि या सगळ्याला लागलेली कोट्यवधी वर्षं, हे ऐकून त्याची श्रद्धा डळमळत नाही. क्रिएशनिस्ट मात्र पहिल्याच पायरीला अडतो. अर्धामुर्धा डोळा काय कामाचा, असं विचारतो. (कामाचा असतो. शिकाऱ्याची सावली कळली तरी जीव वाचतो.) त्याच्या मते डोळा हा डोळा म्हणूनच अवतरला.

म्हणून माणूस ओळखायचा असेल तर 'देव मानतोस का?' हा प्रश्न कुचकामी आहे. विचारायचं ते असं : 'माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता, हे मान्य आहे का?' बहुतेक वेळा पाच सेकंदांत निकाल लागतो.

हे डार्विनलाही ठाऊक होतं. १८७९ च्या एका पत्रात त्याने लिहिलं की माणूस कट्टर ईश्वरवादी असूनही उत्क्रांतीवादी असू शकतो, यात शंका घेणंच हास्यास्पद आहे. उदाहरण म्हणून नाव घेतलं ते एसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाचं, जो स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता. महास्फोटाच्या सिद्धान्ताचा पाया घालणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक पाद्री होता. मानवी जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्स निष्ठावान ख्रिस्ती, आणि उत्क्रांती मानणारे.

एक नाव मात्र मुद्दाम बाजूला ठेवलंय, कारण ते माझ्या मांडणीला छेद देतं. थिओडोसियस डोबझान्स्की, विसाव्या शतकातले मोठे जनुकशास्त्रज्ञ. १९७३ च्या एका लेखात ते सरळ लिहितात की मी क्रिएशनिस्टही आहे आणि उत्क्रांतीवादीही. उत्क्रांती हीच देवाची निर्मितीची रीत, असं त्यांचं म्हणणं. तो अख्खा लेख उत्क्रांतीच्या बाजूने लढणारा आहे आणि त्यात हा शब्द जुन्या, ऐसपैस अर्थाने वापरलाय. आज तसा वापराल तर तुमचाच घोटाळा होईल. मी तरी वापरत नाही.

मराठी प्रतिशब्दांनी गोंधळ वाढवलाय तो निराळाच. 'निर्मितीवादी' म्हटलं की 'निर्मिती' मानणारा प्रत्येक आस्तिक त्यात आपसूक ओढला जातो. 'सृष्टिवादी' तर झाडं लावत फिरणारा वाटतो. त्यापेक्षा सरळ 'क्रिएशनिस्ट' लिहावं, परकं वाटलं तरी चालेल.

क्रिएशनिस्टांतही पोटजाती आहेत. पृथ्वी काही हजार वर्षांचीच म्हणणारे एक. त्यांच्यातल्या अनेकांचा हिशोब सतराव्या शतकातल्या आर्चबिशप अशरच्या गणिताशी जुळतो, त्याने निर्मितीची तारीखच काढली होती, इसवी सन पूर्व ४००४, २३ ऑक्टोबर! दुसरे पृथ्वीचं सुमारे साडेचार अब्ज वर्षांचं वय मान्य करतात, उत्क्रांती नाही.

आणि तिसरा, 'इंटेलिजंट डिझाइन'वाला. तो देवाचं नाव घेत नाही, 'कुणीतरी बुद्धिमान रचनाकार' म्हणतो. यांच्यातले काही जण समान पूर्वजही मानतात, म्हणजे माझा पाच सेकंदांचा प्रश्न इथे फसतो. तरी ही पाटी बदललेली जुनीच दुकानदारी आहे, असं माझं स्पष्ट मत. पुरावा २००५ च्या अमेरिकेतल्या डोव्हर खटल्यात निघाला, जो सरकारी शाळेत जीवशास्त्राच्या वर्गात 'इंटेलिजंट डिझाइन' आणण्यावरून चालला होता. त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या १९८७ च्या कच्च्या मसुद्यांत 'क्रिएशनिस्ट्स' खोडून 'डिझाइन प्रोपोनन्ट्स' (रचनेचे समर्थक) घालताना एका ठिकाणी घाई नडली. जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं 'इस्ट्स' तसंच राहून गेलं, आणि 'सीडिझाइन प्रोपोनन्टसिस्ट्स' असा अगम्य जोडशब्द जन्माला आला. त्याच १९८७ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी शाळांत उत्क्रांती शिकवायची तर सोबत 'निर्मितीविज्ञान' (म्हणजे विज्ञानाच्या वेषातला क्रिएशनिस्टांचा दावा) शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियाना राज्याचा कायदा रद्द केला होता. पाटी का बदलली, ते कळलंच असेल.

त्याच डोव्हर खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने पहिला तज्ज्ञ साक्षीदार उभा राहिला, तो जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर. श्रद्धाळू कॅथलिक. शिक्का घेऊन फिरणाऱ्यांनी त्याच्या कपाळावर तो मारून दाखवावा.